न माळायची फुलं

आम्ही जागा बघायला गेलो तेव्हा नानांनी ह्यांना ना पगार विचारला, ना गोत्र. ओटीवरच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "सूनबाई, केसांत काय माळता?"

हे कानापर्यंत लाल झाले. नुकतंच लग्न झालेलं, धुळ्याच्या शाळेत नवी मास्तरकी लागलेली, आणि पहिलाच घरमालक बायकोच्या अंबाड्याची चौकशी करतोय. मी पिंप्राळ्याची, जळगावजवळची. माहेरी माझ्या तोंडाला सगळे वचकून असत. मी म्हटलं, "मिळेल ते माळते."

"या आवारात माळण्याजोगं काही मिळणार नाही. बाजारातून आणावं लागेल. चालेल?"

"चालेल."

"मंजूर," नाना म्हणाले, आणि आम्हाला मागच्या दोन खोल्या मिळाल्या.

घरी परतताना हे म्हणाले, "म्हातारा चक्रम दिसतो. दुसरी जागा बघू या." मी म्हटलं, विहीर दारात आहे, मला इथंच राहायचंय. म्हातारा चक्रम आहे हे खरंच होतं, पण ज्या प्रश्नावरून ह्यांनी ते ठरवलं तो प्रश्न चक्रमपणाचा नव्हता, हे मला आठवडाभरात कळलं.

नाना पाटबंधारे खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. पांझरेच्या पलीकडे देवपुरात त्यांचं कौलारू घर होतं आणि घरापुढे भलंमोठं आवार. बायको वारलेली, मूलबाळ नाही. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण अक्का. अक्कांना लहानपणीच वैधव्य आलेलं. तेव्हापासून अंगावर विधवेचं तांबडं आलवण, तेव्हापासून डोईवर केस नाहीत. आईच्या मागे धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं, त्याचं लग्न केलं, त्याच्या बायकोचं दुखणं काढलं. अंगाने काटक, बोलायला मऊ. सकाळी मला विहिरीवर बघितलं की म्हणायच्या, "कळशी अर्धीच भर गं, कमरेला भोवेल."

नानांचं बोलणं मात्र कचेरीतून थेट घरी आलेलं. आमटीत मीठ बरं असलं तर "मंजूर", जास्त झालं तर "नामंजूर". नको असलेल्या गोष्टीला सरळ नाही म्हणायचं नसलं की "बघण्यात येईल". एकदा अक्का म्हणाल्या, "नाना, कौलं गळताहेत रे." नाना म्हणाले, "बघण्यात येईल." त्या पावसाळ्यात आम्ही सगळ्यांनी घरभर पातेली मांडली. मी त्यांना तोंडावर विचारलं, "नाना, गळतीचा अर्ज कोणत्या टेबलावर अडकलाय?" त्यांना त्याचा राग आला नाही. थट्टा कळत नव्हती असं नाही, पण ते तिला उत्तर द्यायचे नाहीत.

त्यांचं खरं वेड बागेचं. आवाराचे त्यांनी चार फड पाडले होते. फड म्हणजे काय हे खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. पांझरेवर जागोजाग बंधारे आहेत. त्यांच्या पाटाखालच्या जमिनीचे भाग करतात, एका भागात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं, पाणी पाळीने सोडायचं. हे भाग म्हणजे फड. नानांची सगळी नोकरी फडाफडांची भांडणं सोडवण्यात गेली. घरी आले आणि विहिरीपासून एक पाट काढून त्यांनी बागेतही तोच कारभार सुरू केला. एका फडात एकाच जातीची झाडं, सरमिसळ चालणार नाही, आणि एक फड नेहमी पड ठेवायचा. अक्का एकदा दोन फडांच्या मधल्या बांधावर तुळशीचं रोप लावायला गेल्या तर नाना म्हणाले, "अतिक्रमण." तुळस शेवटी आमच्या मागच्या दारी आली.

आणि झाडं लावायची ती फक्त हिवाळ्यात फुलणारी. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "पावसाळ्यात उकिरडासुद्धा हिरवा होतो, त्यात आपली काय करामत? उन्हाळ्यात पाणी माणसालाच पुरत नाही. बाग करायची तर हिवाळ्याची."

हे झालं लोकांना सांगायचं कारण. दुसरं कारण अक्कांनीच मला सांगितलं, एका दुपारी शेंगा फोडताना.

पूर्वी विहिरीच्या कडेला कुंद होता. अक्कांनी लावलेला. पौष-माघात पांढराशुभ्र फुलायचा. रोज पहाटे अक्का परडीभर फुलं तोडायच्या, काही देवाला ठेवायच्या, उरलेल्या फुलांच्या माळा ओवायच्या आणि आळीत वाटायच्या. त्यांच्या हाताला वेग होता. बोलता बोलता वीतभर माळ तयार व्हायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळी आळी फुलांसाठी इथंच यायची. अशाच एका संक्रांतीला समोरच्या वकिलीणबाई आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अक्का, राग मानू नका. आज हळदीकुंकवाची फुलं आहेत. तुम्ही नका तोडू. आमची मोलकरीण तोडेल, तुम्ही नुसतं झाड दाखवा."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, दाखवलं झाड. त्यांचं तरी काय चुकलं? रीतच आहे तशी." अक्कांनी शेंग फोडली. "नाना ओटीवर होता. त्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी कुदळ घेतली नि कुंद मुळासकट काढला."

मला वकिलीणबाईंचा असा संताप आला की हातातली शेंग दाण्यांसकट चिरडली गेली. अक्का म्हणाल्या, "अगं, दाणे वाया जातात."

तेव्हापासून नानांचा नियम असा, की या आवारात असं एकही फूल लावायचं नाही जे मागायला एखादी बाई फाटकातून आत येईल. कुणी मागायला आलं नाही की अक्कांना कुणी नको म्हणणार नाही. सरळ हिशेब. मला केसांबद्दल विचारलं ते त्यासाठी. घरात एक सवाष्ण राहायला येणार, तिला फुलांचा सोस किती, ते बघून घेतलं.

बिऱ्हाड लागल्यावर नानांनी मला परीक्षकच नेमलं. कुठून तरी एखादी फांदी घेऊन यायचे, माझ्यापुढे धरायचे आणि विचारायचे, "हे माळावंसं वाटतं का?" मी वाटतं म्हटलं की फांदी कुंपणाबाहेर. अबोली गेली, तांबडा गुलाब गेला, शेवंती तर त्यांनी फाटकातूनच परत पाठवली. एकदा काटेकोरांटी आणली. पिवळी धमक फुलं, पण वास नाही आणि काटे असे की तोडणारीचं बोट फुटावं. मी म्हटलं, "ही माळण्यापेक्षा मी बोडकी हिंडेन." शब्द तोंडातून गेला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण अक्का मागेच उभ्या होत्या. अक्का मात्र खुदकन हसल्या. नाना म्हणाले, "मंजूर," आणि पहिल्या फडात कोरांटी लागली.

दुसरी परीक्षा देवाची. कारण पहाटे परड्या घेऊन फिरणारे लोकही फुलांसाठी आत येतात. त्यासाठी नदीकाठच्या महादेवाचा गुरव होता. नाना कोरांटीची फांदी घेऊन त्याच्याकडे गेले. मी पाणी घालायला देवळात होते म्हणून ऐकलं.

"हे महादेवाला चालतं का?"

गुरव म्हणाला, "नाना, महादेवले बठ्ठंच चालस. धोतरा चालस, रुई चालस. फूल कोनतंबी शे, त्याले चालस."

नाना बराच वेळ पिंडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग आमच्या बागेपुरते महादेव बाद."

गुरवाने दोन्ही कानांना हात लावले. नानांनी पिंडीला नमस्कार केला, चपला घातल्या आणि निघाले. त्यांच्या मनात देवाबद्दल काही वाकडं नव्हतं. कामात अडचण आली, ती दूर केली, इतकंच.

पुढे कुठलं झाड कोणत्या महिन्यात फुलतं याच्या मागे ते वणवण फिरले. जळगावला एका साहेबाच्या बंगल्यात लालपत्ती थंडीत पेटल्यासारखी लाल होते असं कळलं, तर आगगाडीने गेले आणि तिथल्या माळ्याकडून फांदी घेऊन आले. मग ओटीवर बसून ती निरखली आणि त्यांचा चेहरा उतरला. "सूनबाई, हे फूल नाहीच. पानंच लाल आहेत. फुलाचं सोंग आहे हे." लालपत्ती बाद. पिंपळनेरच्या डोंगरात धायटी थंडीत फुलते असं कुणी सांगितलं, तर सर्व्हिस मोटारीत बसून पिंपळनेर गाठलं. येताना झाडं तर आणलीच, पण ती मुरमातली झाडं, आमच्या काळ्या मातीत रुसतील, म्हणून पोतंभर मुरूमही आणला. मोटारवाल्याने मुरमाचं भाडं मागितलं म्हणून त्याच्याशी भांडले. धायटी दुसऱ्या फडात लागली आणि खरंच जगली. बारीक लालभडक फुलांनी फांद्या भरल्या की नाना तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. ती कुणी माळत नाही आणि कुणी मागत नाही याचं समाधान त्यांच्या तोंडावर दिसायचं.

तिसऱ्या फडात अडुळसा. त्याची तर परीक्षाही झाली नाही. नाना म्हणाले, "ज्याला बकरी तोंड लावत नाही, त्याला बाई कशाला हात लावेल? मंजूर."

इथं त्यांचं चुकलं. पांढरी फुलं कुणालाच नको होती, पण हिवाळा म्हणजे खोकल्याचे दिवस, आणि अडुळशाचा पाला खोकल्याला. झाडं कमरेएवढी झाली त्या थंडीत धुळ्यात खोकल्याची साथच आली. आधी आमची गवळण आली. फाटकातूनच ओरडली, "अक्का, मना पोर्‍याना खोकला जास नई वं. दोन पानं दे ना."

अक्का नानांकडे बघू लागल्या. नाना गवळणीकडे. नियम फुलांचा होता, पाल्याचा नव्हता. "पाला मंजूर," नाना नाइलाजाने म्हणाले.

गवळणीमागून सगळी आळी. पाला कसा उकळायचा हे कुणाला धड येत नव्हतं, म्हणून अक्काच चुलीवर मोठं पातेलं चढवू लागल्या. अडुळसा, ज्येष्ठमध, गूळ. सकाळी फाटकाशी वाट्या घेऊन बायका उभ्या असायच्या. अक्का पदर खोचून काढा वाटायच्या, कुणाच्या मुलाची छाती शेकायला सांगायच्या, कुणाला दही बंद करायला लावायच्या. विधवेच्या हातचा काढा नको असं एकीनेही म्हटलं नाही. इतकं बोलताना, इतकं हसताना मी अक्कांना तोपर्यंत बघितलं नव्हतं. नाना मात्र ओटी सोडून परसात जाऊन बसायचे. आपल्या बागेत मागणाऱ्यांची जत्रा भरलीय हे त्यांना बघवत नव्हतं.

मग एके सकाळी वकिलीणबाई आल्या. नातवाला डांग्या खोकला होता. पोर खोकून खोकून निळं पडत होतं. अक्कांनी त्याला मांडीवर घेतलं, पाठ चोळली, चमच्याचमच्याने काढा पाजला. वकिलीणबाई पदराने डोळे पुसत बसल्या होत्या. त्या गेल्यावर नाना परसातून आत आले. त्यांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"त्या बाईला पुन्हा या घरातून काही मिळणार नाही. एवढ्यात विसरलीस?"

अक्का पातेलं घासत होत्या. त्यांनी हात थांबवले. "मी कशाला विसरीन? मी काही विसरत नाही. कुंद उपटलास तेही विसरले नाही."

"तो तुझ्यासाठीच उपटला."

"मला विचारलं होतंस?"

अक्कांनी हाताची राख झटकली.

"फुलं माळायचं माझं सुटलं ते लहानपणीच सुटलं, त्याचं मला काही नाही. पण ओवायचं तर माझं होतं ना रे? त्यांनी नको म्हटलं ते एका दिवसापुरतं. तू तर कायमचंच नेलंस. आता हिवाळा आला की माझ्या हातांना काही कामच नसतं. तुझी कोरांटी ओवू, का धायटी ओवू?"

मी दारात उभी होते आणि मला तिथून हलताही येईना. नानांबद्दल मला वाईट वाटलं आणि रागही आला. इतकी वर्षं या माणसाने डोंगर पालथे घातले, महादेवाला बाद केलं, आणि ज्या बहिणीसाठी केलं तिला एक शब्द विचारला नाही. नाना पातेल्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "बघण्यात येईल," आणि बाहेर गेले.

मला वाटलं, गेलं हे कौलांच्या वाटेने. पण पुढच्या पावसाळ्यात पड ठेवलेल्या चौथ्या फडात कुंदाच्या काड्या लागलेल्या दिसल्या. पाटाचं पाणी आधी चौथ्या फडाला जाऊ लागलं आणि मग बाकीच्यांना. आयुष्यभर पाळी मोडणाऱ्यांना दंड करणारा माणूस स्वतः पाळी मोडत होता. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "सूनबाई, तुमचं दूध उतू जातंय." दूध चुलीवर नव्हतंच.

पहिल्या हिवाळ्यात फूल आलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात आलं आणि भरभरून आलं. संक्रांतीचं हळदीकुंकू मी त्या वर्षी नानांच्या ओटीवर करायचं ठरवलं. अक्का पहाटेपासून ओवत होत्या. ओल्या फडक्यात माळांची रास झाली. संध्याकाळी बायका जमल्या, वकिलीणबाईही आल्या. मी सगळ्यांना हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला, आणि फुलांची वेळ आली तेव्हा आतून अक्कांना हाताला धरून बाहेर आणलं. त्यांच्यापुढे पाठ करून बसले आणि म्हटलं, "अक्का, माझ्या केसांत माळा."

अक्का मागे सरकल्या. "नको गं बाई. माझ्या हाताने नको."

"का नको? मी म्हणतेय ना."

"तुला काही झालं तर? नवरा आहे तुझा. उगाच माझ्या मनाला घोर."

वकिलीणबाईंनी मान खाली घातली. मला वाटत होतं की लोकांनी अक्कांना नको म्हटलं. अक्कांनी स्वतःच स्वतःला त्याआधी नको म्हटलं होतं, आणि ते काढायला माझ्याकडे काही नव्हतं.

हळदीकुंकवात पुरुष येत नाहीत. पण नाना आतून आले. बायकांमधून वाट काढत अक्कांपाशी गेले, पागोटं काढून माझ्या हातात दिलं आणि त्यांच्यापुढे पाठ करून बसले. गुळगुळीत डोकं आणि मागे पांढरी शेंडी.

"मला बांध," ते म्हणाले.

"अरे, वेड लागलं का तुला?"

"बायको गेली, नोकरी गेली, दात गेले. मला काही व्हायचं राहिलेलं नाही. बांध."

"मेल्या, लोक काय म्हणतील?"

"बघण्यात येईल. बांध."

अक्कांनी माळेचा तुकडा घेतला. त्यांनी तो शेंडीभोवती दोन वेढे देऊन बांधला आणि गाठ मारली. "नीट बांध, पडता कामा नये," नाना म्हणाले. कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच हसल्या, आणि अक्का हसता हसता रडायला लागल्या. नाना उठले. पागोटं न घेता तसेच फाटकातून बाहेर पडले आणि भर रस्त्याने चालू लागले. गवळण समोरून येत होती. तिने डोळे वटारले. "नाना, हाई काय शे?"

"कुंद," नाना म्हणाले आणि पुढे गेले.

इकडे वकिलीणबाईंनी हात पुढे केला. अक्कांनी त्यांच्या तळव्यावर माळ ठेवली. त्यांनी ती स्वतःच्या हाताने माळली. मग आम्ही सगळ्यांनी माळा तशाच हातात घेतल्या.

ती रीतच पडली. दर संक्रांतीला अक्का ओवायच्या, बायकांच्या हातात द्यायच्या, आणि शेवटचा तुकडा नानांच्या शेंडीला बांधायच्या. केसांत मात्र त्यांनी कुणाच्याही माळली नाही. मीही पुन्हा आग्रह धरला नाही.

नाना गेले ते एका पावसाळ्यात, दोन दिवसांच्या तापाने. त्या हिवाळ्यात मी पाटाचं पाणी स्वतः सोडत होते, कारण अक्कांना पाट अडवायचा जड लाकडी फाळका उचलवत नव्हता. कुंद नेहमीसारखा फुलला. संक्रांतीला घरात हळदीकुंकू नव्हतं, दुखवट्याचं वर्ष होतं. तरी अक्कांनी पहाटे फुलं तोडली आणि ओवली. आळीतल्या बायका फाटकाशी येऊन हातात माळा घेऊन गेल्या. शेवटी एक तुकडा उरला. अक्का तो हातात धरून ओटीवर बसून राहिल्या. ठेवायचा कुठे ते त्यांना कळत नव्हतं.

मी जाऊन त्यांच्यापुढे पाठ करून बसले. बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांचे हात माझ्या केसांत आले.